रिपोर्ट म्हणतो गाठ वाढली, ट्यूमर बोर्ड म्हणतं थांबा : एकाच एमआरआयचे दोन अर्थ कसे?

सावली
ताईच्या यजमानांना ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली जोरात वाढणारी कॅन्सरची गाठ, आहे. ऑपरेशन झालं, रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्याही झाल्या. रेडिएशन संपून महिनाभराने एमआरआय केला. रिपोर्टच्या शेवटी लिहिलंय की काँट्रास्ट घेणारा भाग आधीपेक्षा वाढलाय, गाठ पुन्हा वाढत असल्याची शक्यता. ताईने पाकीट तिथेच उघडून वाचलं. तेव्हापासून घरात कुणाच्या डोळ्याला डोळा नाही.

मग सर्जननी केस ट्यूमर बोर्डापुढे ठेवली. सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, केमोचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट अशा सगळ्यांनी मिळून तोच एमआरआय पाहिला आणि ठरवलं की याला आत्ता वाढ म्हणायचं नाही. गोळ्या चालू ठेवा, काही आठवड्यांनी पुन्हा बघू.

चित्र तेच, मग अर्थ दोन कसे? मशिनं इतकी पुढे गेली म्हणतात, मग साधं 'वाढलंय की नाही' का सांगता येत नाही? आणि खरं सांगते, एक शंका मनातून जात नाही. बोर्ड म्हणजे सगळ्यांची अक्कल एकत्र, की जबाबदारी कुणा एकाच्या अंगावर नको म्हणून केलेली सोय?

टवाळ
थोडक्यात, बोर्डाने निकाल राखून ठेवलाय. (हलकेच घ्या. भावोजींना लवकर आराम पडो.)

फिल्मवाचक
सावली, मी रेडिओलॉजिस्ट आहे. भावोजींचे स्कॅन पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही बोलणार नाही. पण 'अर्थ दोन कसे' याचं उत्तर देता येईल.

एमआरआयच्या वेळी शिरेतून जे गॅडोलिनियम (हेच ते काँट्रास्ट) देतात ते निरोगी मेंदूत शिरत नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत ते आत येऊ देत नाही. ही भिंत जिथे मोडलेली असते तिथे ते झिरपतं आणि तो भाग पांढरा दिसतो. म्हणजे पांढरं दिसतंय याचा अर्थ 'इथे गळती आहे' एवढाच. गळती गाठीमुळे होते, तशी रेडिएशनमुळेही होते, आणि रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड असेल तर पहिल्या काही महिन्यांत हे बरेचदा दिसतं. आम्ही याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतो. दिसायला हुबेहूब वाढ, आणि पुढच्या एक-दोन स्कॅनमध्ये आपोआप ओसरते. ज्यांच्या गाठीत एमजीएमटी जनुक मिथाइलेटेड असतं, म्हणजे ज्यांना औषध चांगलं लागू पडण्याची शक्यता जास्त, त्यांच्यात हा प्रकार जास्त आढळतो. म्हणजे चित्र बिघडलेलं आणि उपचार चाललेले, असंही असू शकतं.

म्हणून 2010 मध्ये, वाढ कशाला म्हणायचं हे ठरवणारे रानो नावाचे निकष आले. रेडिएशन संपल्यापासून 12 आठवड्यांच्या आत, जिथे रेडिएशन दिलं त्याच भागात काँट्रास्ट वाढला तर त्याला वाढ म्हणायचं नाही. नवीन भाग बहुतांशी त्या क्षेत्राच्या बाहेर असेल किंवा तुकडा काढून सिद्ध झालं असेल तरच म्हणायचं. 2023 च्या सुधारित निकषांनी तर रेडिएशननंतरचा पहिला एमआरआय हाच तुलनेचा नवा पाया धरला. तुमच्या ताईच्या हातात आहे तोच हा स्कॅन.

आता रिपोर्ट लिहिणाऱ्याकडे काय असतं ते बघा. समोर स्कॅन, सोबतच्या कागदावर 'ऑपरेटेड केस' एवढी एक ओळ. रेडिएशन कधी संपलं, कुठे किती डोस दिला, काहीच नाही. त्याने चित्रात दिसलं ते लिहिलं, ते चूक नाही. बोर्डासमोर डोसचा नकाशा होता, एवढाच फरक.

नीलपंख
प्रतिसाद वाचून ठेवलाय, वाचनखूण साठवली. सावली, धीर धरा.

चौकस
@फिल्मवाचक, समजलं, पण पटलं नाही. गळती मोजून जर कळत नसेल तर दुसरं काहीतरी मोजा. परफ्यूजन, स्पेक्ट्रोस्कोपी, पेट... नावं तर ढीगभर ऐकतो. 1.5 टेस्लाऐवजी 3 टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या मशिनवर करून घ्या असा सल्लाही सर्रास मिळतो. हे सगळं असून 'काही आठवडे थांबा' हेच उत्तर असेल तर प्रगती नेमकी कुठे झाली?

फिल्मवाचक
टेस्लाचं आधी सांगतो. या प्रश्नासाठी 3 टेस्लाने फारसं काही हाती लागत नाही. दर वेळी त्याच मशिनवर, त्याच पद्धतीने, काँट्रास्ट दिल्यावर तेवढ्याच वेळाने स्कॅन करणं जास्त कामाचं. मशिन बदललं की निम्मा वेळ 'हा फरक गाठीचा की मशिनचा' यात जातो.

परफ्यूजनमध्ये त्या भागातलं रक्ताचं प्रमाण मोजतात. गाठ नवीन रक्तवाहिन्या तयार करते म्हणून तिथे ते वाढतं, रेडिएशनच्या इजेत सहसा कमी असतं. स्पेक्ट्रोस्कोपीत मेंदूतली रसायनं मोजतात, त्यातलं कोलीन वाढलेलं आणि एनएए घटलेलं दिसलं तर कौल गाठीकडे. पेट स्कॅनचा घोळ असा की त्यात नेहमी टोचतात ते एफडीजी म्हणजे ग्लुकोजचंच भावंड, आणि मेंदू स्वतःच ग्लुकोजवर जगतो. सगळंच उजळलेलं असताना गाठ शोधणार कुठे? म्हणून मेंदूसाठी एफईटी, मेथिओनिन अशी अमिनो आम्लं वापरतात, ती निरोगी मेंदू कमी उचलतो.

अडचण ही की त्या पांढऱ्या कड्यात बहुतेक वेळा दोन्ही असतं, थोडी जिवंत गाठ आणि थोडी रेडिएशनची इजा. मग मोजमापही मधलंच येतं. अशा वेळी काळ हीसुद्धा एक तपासणीच.

आणखी एक, सावली, स्टिरॉइडचा डोस विचारा. डेक्सामेथासोनने गळती कमी होते. स्कॅनच्या आधी गोळी कमी केली असेल तर निव्वळ तेवढ्यानेही पांढरा भाग मोठा दिसू शकतो. उलटंही होतं. बेव्हासिझुमॅब हे रक्तवाहिन्यांवर काम करणारं औषध दिलं की वाहिन्यांची गळती झपाट्याने आटते, स्कॅन देखणा येतो, गाठ मात्र होती तिथेच असते.

ओळंबा
मी पॅथॉलॉजीत. बोर्डाबद्दलच्या शंकेवर लिहितो, कारण दर आठवड्याला त्या खोलीत बसतो.

एक नेहमीचा प्रसंग सांगतो. स्कॅनमध्ये कडेने पांढरी, मधे काळी गाठ. बायोप्सी माझ्याकडे येते, त्यात नुसता ग्लायोसिस, म्हणजे मेंदूची प्रतिक्रिया, गाठ नाही. मी तसंच लिहिणार, कारण काचेवर तेच आहे. एकटा असतो तर रिपोर्ट गेला असता आणि घरचे लोक 'कॅन्सर नाही' म्हणून सुटकेचा श्वास टाकते. बोर्डात रेडिओलॉजिस्ट बायोप्सीनंतरचा स्कॅन लावतो, सुईच्या वाटेवर बोट ठेवतो आणि म्हणतो, 'सुई कडेला थांबलीय. तू पाहिलेला तुकडा गाठीच्या बाहेरचा आहे.' बायोप्सी पुन्हा होते. दोघांचेही रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर होते, हे लक्षात घ्या.

2021 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानंतर तर एकट्याने निदान करणं जवळपास संपलंच. आयडीएच जनुक बदललेलं आहे का, 1पी/19क्यू हे गुणसूत्रांचे तुकडे गळालेत का, हे कळल्याशिवाय नाव पूर्ण होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली गरीब दिसणारी गाठ, पण प्रौढ रुग्णात आयडीएच मूळ स्वरूपात आणि ईजीएफआर या जनुकाच्या प्रती वाढलेल्या, तर तिला आता ग्लायोब्लास्टोमाच म्हणतात. उलट, कधी कधी रेडिओलॉजिस्ट आधीच ओळखतात. टी2 या प्रकारच्या एमआरआय चित्रात गाठ एकसारखी पांढरी आणि फ्लेअर या दुसऱ्या प्रकारात कडा सोडून आत काळपट, असं दिसलं की आयडीएच बदललेला अ‍ॅस्ट्रोसायटोमा (मेंदूतल्या गाठीचाच एक प्रकार) असण्याची शक्यता फार मोठी. हा फरक पहिल्यांदा 2017 मध्ये मांडला गेला. जीन तपासणीचा अहवाल यायच्या आत!

जाता जाता: लिम्फोमाची (पांढऱ्या रक्तपेशींच्या कॅन्सरची) शंका असेल तर बायोप्सीपूर्वी स्टिरॉइड देऊ नये, हा नियम. गाठ विरघळते आणि माझ्या काचेवर काही उरत नाही. पण पहिली गोळी बहुतेकदा तातडीच्या कक्षात सुरू होते, तेव्हा आमच्यापैकी कुणीच तिथे नसतं.

उंबरठा
बोर्डाचं एवढं कौतुक वाचून राहवलं नाही. वडिलांची केसही एका मोठ्या रुग्णालयाच्या बोर्डापुढे गेली होती. यादी लांबलचक, प्रत्येकाला जेमतेम पाच मिनिटं. रेडिएशनचा पूर्ण कोर्स सुचवला. बाबा तोपर्यंत अंथरुणातून उठून बसत नव्हते, आणि ते माहीत असलेली एकमेव डॉक्टर, आमची निवासी डॉक्टर, त्या दिवशी रजेवर होती. बोर्डाने स्कॅन पाहिला, माणूस पाहिलाच नाही. दुसऱ्या दिवशी तिने येऊन बाबांची अवस्था सांगितली, तेव्हा बेत बदलला.

तेव्हा @सावली, तुमची शंका अगदीच खोटी नाही. विचारा, भावोजींना प्रत्यक्ष तपासणारं कुणी त्या खोलीत होतं का?

ओळंबा
@उंबरठा, मान्य. ज्येष्ठ सर्जन आधी बोलले की बाकीच्यांची मतं आपोआप जुळतात, हेही पाहिलंय. आमच्याकडे आता रुग्णाची हालचाल, बोलणं, तो स्वतः काय म्हणतोय हे आधी वाचतात आणि स्कॅन नंतर लावतात. एवढ्या साध्या बदलाने चर्चेचा सूर पालटला.

जुनेपान
जरा इतिहास, म्हणजे 'प्रगती कुठे' याचं उत्तर मिळेल.

सीटी यायच्या आधी मेंदूतली गाठ सहसा थेट दिसत नसे, बहुतेकदा तिची ढकलाढकलीच दिसे. वॉल्टर डँडी यांनी 1918-19 मध्ये मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये हवा भरून एक्स-रे काढायची रीत आणली. पुढे कितीतरी दशकं कण्यातून हवा सोडायची, रुग्णाला फिरवून ती वर चढवायची आणि पोकळीची सावली कुठे सरकलीय त्यावरून गाठीचा अंदाज बांधायचा, हेच चालू होतं. नंतर डोकं असं दुखायचं की रुग्ण कित्येक दिवस आडवा.

मग 1 ऑक्टोबर 1971, लंडनचं अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालय. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रात पहिल्या रुग्णाचं डोकं गेलं. कपाळामागच्या भागात गाठ असल्याची शंका होती. चित्र 80 गुणिले 80 चौकटींचं, म्हणजे आजच्या एखाद्या इमोजीएवढं. त्यातही गाठ दिसली! 1979 चं नोबेल हाउन्सफिल्ड आणि कॉरमॅक यांना, एमआरआयचं 2003 मध्ये लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना.

टवाळ
हाउन्सफिल्ड ईएमआयचे, म्हणजे बीटल्सच्या रेकॉर्डवाल्या कंपनीचे ना? तेव्हा गाणी ऐकून डोकं दुखतं म्हणणाऱ्यांची सोयही कंपनीनेच करून ठेवली म्हणायची.

जुनेपान
@टवाळ :)) बीटल्सच्या पैशावर सीटी उभा राहिला ही दंतकथाच जास्त. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने बराच पैसा घातला होता.

अर्धविराम
मी रुग्ण. डाव्या बाजूला, बोलण्याच्या केंद्राला चिकटून ऑलिगोडेंड्रोग्लायोमा (मेंदूतल्या गाठीचा एक प्रकार) होता. ऑपरेशन जागेपणी झालं, म्हणून लिहितोय.

आधी फंक्शनल एमआरआय झाला. मशिनमध्ये पडून मनातल्या मनात शब्द जुळवायचे, त्या वेळी मेंदूचा कुठला भाग रक्त जास्त खेचतो ते बघतात. शिवाय ट्रॅक्टोग्राफी, त्यात मेंदूतल्या तंतूंचे जुडगे रंगीत दिसतात. सर्जननी पडद्यावर एक निळा पट्टा दाखवला आणि म्हणाले, 'हा तुमच्या बोलण्याचा. इथपर्यंत जाणार, पुढे नाही.'

मला वाटलं आता नकाशा आहे म्हणजे झालं. त्यांनीच सांगितलं की कवटी उघडून पाणी वाहून गेलं की मेंदू खाली बसतो आणि आधी काढलेला नकाशा सरकतो. काही ठिकाणी थिएटरमध्येच एमआरआय असतो, माझ्या वेळी नव्हता. म्हणून मला जागं ठेवलं. समोर एक बाई टॅबवर चित्रं दाखवत होत्या आणि मी नावं सांगत होतो. घोडा, किल्ली, छत्री... एका क्षणी कंगव्याचं चित्र आलं. कंगवा आहे हे कळत होतं, कशासाठी वापरतात तेही कळत होतं, पण तोंडातून 'हे... हे...' एवढंच. बाई लगेच म्हणाल्या, 'थांबा.' सर्जननी मेंदूवर टेकवलेली विजेची कांडी उचलली आणि शब्द परत आला. त्या जागेवर त्यांनी एक चिठ्ठीवजा खूण ठेवली आणि तिथली गाठ तशीच सोडली.

तेवढा तुकडा अजून डोक्यात आहे. दर स्कॅनला तो मोजतात. पण मी बोलतोय, जरा जास्तच, असं बायकोचं म्हणणं.

नीलपंख
@अर्धविराम, _/\_

निळाप्रकाश
थिएटरमध्ये परिचारिका आहे. 5-एएलए कुणी लिहिलंच नाही! ऑपरेशनच्या काही तास आधी रुग्णाला प्यायला देतात. गाठीच्या पेशी त्यातून एक रंगद्रव्य साठवतात. मग सर्जन सूक्ष्मदर्शकाचा निळा प्रकाश लावतात, आम्ही खोलीतले दिवे मंद करतो आणि साध्या प्रकाशात मेंदूसारखाच दिसणारा भाग लालसर गुलाबी चमकतो. पहिल्यांदा बघताना काटा आला होता अंगावर. नंतर किमान दिवसभर रुग्णाला कडक उजेडापासून जपावं लागतं, नाहीतर कातडी भाजते. पडदे ओढलेले बघून नातेवाईक घाबरतात, त्यांना आधीच सांगून ठेवतो.

फिल्मवाचक
@निळाप्रकाश, छान आठवण. त्याचा मोठा अभ्यास जर्मनीतला, 2006 चा, 322 रुग्णांचा. काँट्रास्ट घेणारी गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण 36 टक्क्यांवरून 65 टक्क्यांवर गेलं.

चौकस
पण त्यामुळे एकूण आयुष्य किती वाढलं? त्या अभ्यासात तसा ठळक फरक दिसला नव्हता. टेमोझोलोमाइडचंही तेच. 2005 चा प्रसिद्ध अभ्यास: नुसत्या रेडिएशनने आयुष्याचा मध्यक (निम्मे रुग्ण जिथवर हयात असतात तो काळ) 12.1 महिने, गोळ्यांसकट 14.6. अडीच महिने! चित्रं सुंदर झाली, आकडे जिथल्या तिथे.

उंबरठा
चौकसराव, धागा कुणी काढलाय ते बघून तरी लिहा.

सावली
@उंबरठा, असू दे. आकडे आम्हाला पहिल्याच आठवड्यात सापडले होते, ताईला तोंडपाठ आहेत. लपवल्याने जास्त त्रास होतो.

फिल्मवाचक
मग आकडा पूर्ण सांगतो. त्याच अभ्यासात दोन वर्षांनी हयात असलेले 10.4 टक्क्यांवरून 26.5 टक्के झाले. मध्यकाकडेच बघत बसलं तर हे सुटतं. आणि @चौकस, चित्राचा उपयोग फक्त आयुष्याच्या लांबीत मोजू नका. अर्धविराम यांचं बोलणं शाबूत आहे, ते कुठल्या मध्यकात येणार? स्यूडोप्रोग्रेशन ओळखता येत नव्हतं तेव्हा लागू पडणारी गोळी मधेच बंद व्हायची, कारण नसताना डोकं पुन्हा उघडायचे.

चौकस
हे मात्र पटलं. बाकीचं अजून अर्धवटच पटलंय. आणि एआय? ते तुमची खुर्ची कधी घेतंय?

फिल्मवाचक
मोजायचं काम खुशाल घेऊ दे. गाठ काढल्यावर पोकळीभोवती वेडंवाकडं कडं उरतं, त्याचे दोन व्यास पट्टीने मोजणं म्हणजे थट्टा. तिथे संगणक आकारमान चांगलं काढतो. त्यासाठी 2012 पासून जगभरच्या संघांची ब्रॅट्स नावाची स्पर्धा चालते.

मला जास्त आवडलेलं काम 2022 चं. 6 खंडांतली 71 केंद्रं, 6,314 रुग्ण, आणि एकाही रुग्णाचा स्कॅन रुग्णालयाबाहेर गेला नाही. प्रत्येक ठिकाणी मॉडेल तिथल्या तिथे शिकलं, फक्त शिकलेलं तेवढं एकत्र केलं. ग्लायोब्लास्टोमा विरळा आजार, एकाच केंद्राकडे पुरेसे रुग्ण नसतातच.

ओळंबा
माझी खुर्चीही हलतेय. 2020 च्या एका अभ्यासात ऑपरेशन चालू असताना ताज्या तुकड्याचं लेझरने, रंग न देता चित्र काढलं आणि संगणकाने अडीच मिनिटांच्या आत निदान सांगितलं. अचूकता 94.6 टक्के, आमच्या नेहमीच्या पद्धतीची 93.9. गंमत म्हणजे यंत्र चुकलं त्या केस माणसांनी बरोबर ओळखल्या आणि माणसं चुकली त्या यंत्राने. तेव्हा त्यालाही बोर्डात एक खुर्ची द्यावी, असं मी सुचवलंय.

टवाळ
चहा पीत नाही, हा त्याचा मोठाच गुण.

सावली
ताईने विचारलं. स्टिरॉइड स्कॅनच्या आधीच निम्मं केलं होतं, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्यांना ते कुणी कळवलंच नव्हतं. रेडिएशनच्या डॉक्टरांनी डोसचा नकाशा स्कॅनवर ठेवून दाखवला, पांढरा भाग सगळा आतच आहे. पुढच्या वेळी त्याच मशिनवर, परफ्यूजनसकट करणार आहेत. आणि हो @उंबरठा, भावोजींना तपासणाऱ्या डॉक्टर त्या खोलीत होत्या. तेही विचारून घेतलं. वाढ नाही असं कुणीही म्हणालेलं नाही. पण का थांबलोय ते आता कळतंय, त्यामुळे रात्री थोडी झोप लागतेय.

नीलपंख
अवांतर प्रश्न. मामांसाठी दुसरं मत घ्यायचंय. फिल्मचे मोबाइलवर फोटो काढून पाठवले तर चालेल का? सीडी आहे, पण घरच्या संगणकावर उघडत नाही.

फिल्मवाचक
@नीलपंख, फोटो नको. फिल्मवर निवडक चित्रं असतात, फोटोत उजेड कमीजास्त करता येत नाही, मोजमाप घेता येत नाही. सीडी तुमच्याकडे उघडली नाही तरी हरकत नाही. त्यातला डायकॉम नावाचा अख्खा फोल्डर, एकही फाइल न गाळता, पाठवा. सोबत ऑपरेशनच्या आधीचा स्कॅन, ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत काढलेला स्कॅन (त्यानंतर जखमेचाच भाग पांढरा दिसायला लागतो), बायोप्सीचा अहवाल, रेडिएशन झालं असेल तर संपल्याची तारीख आणि चालू स्टिरॉइडचा डोस. शक्य झालं तर सगळ्यात जुना स्कॅनही. हळू वाढणारी गाठ नुसत्या मागच्या स्कॅनशी ताडून पाहिली तर दर वेळी 'फरक नाही' असंच येतं, चार वर्षांपूर्वीचा शेजारी लावला की लगेच कळतं.

नीलपंख
जुना स्कॅन मामींच्या कपाटात असणार. आजच शोधायला सांगते.